आधी कान, मग अर्थ

ऑगस्ट १९७१ मध्ये लंडनच्या ‘द हू’ या रॉक बँडची ‘हूज नेक्स्ट’ ही तबकडी निघाली. तिच्यातलं पहिलं गाणं लावलं की बराच वेळ कुणी गातच नाही. एक ऑर्गन तेवढा वाजत राहतो. मोजक्या सुरांची भरभर फिरणारी साखळी, पुन्हा तीच, पुन्हा तीच, आणि नीट कान दिला तर मधूनच किंचित निराळी. मग पियानोचे भारदस्त ठोके पडतात, ड्रम येतात, गाणारा येतो, आणि सगळं संपत आलं असं वाटत असताना एक व्हायोलिन शिरतं आणि लोकनाचाच्या ठेक्यात बेभान धावत सुटतं. या गाण्याचं नाव ‘बाबा ओ’रायली’. ते रचलं पीट टाउनशेंडने. नावातले बाबा आपल्या नगरचे.

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर अरणगाव येतं. तिथे मेहेराबाद. एका अंगाला जुना आश्रम, रुळांच्या पलीकडे टेकडी आणि टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. मूळचे पुण्याचे, इराणी घरातले मेहेरबाबा १९२३ मध्ये इथे आले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरलं, आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला तोवर, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून जास्त काळ, ते मोडलं नाही. सुरुवातीला ते लिहून सांगत. मग इंग्रजी अक्षरं रंगवलेल्या एका पाटीवर बोट फिरवून सांगू लागले. १९५४ मध्ये ती पाटीही बाजूला ठेवली आणि पुढची वर्षं नुसत्या हातांच्या खुणांवर काढली. जवळची मंडळी त्या खुणा वाचत आणि मोठ्याने बोलून दाखवत.

आणि ‘द हू’ हा असा बँड, की १९७६ च्या एका मैफलीतल्या आवाजाच्या दणक्याबद्दल त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. अबोल संत आणि जगातला सर्वांत गोंगाटी बँड एका गाण्यात एकत्र आले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून त्याचं नवल ओसरलेलं नाही. टाउनशेंडची आणि बाबांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. बाबांचं नाव त्याच्या कानावर आलं तेव्हा त्यांच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. १९७२ मध्ये तो अरणगावला आला तो समाधीपाशीच.

त्या ऑर्गनची गंमत मात्र समजून घेण्यासारखी आहे. टाउनशेंडची मूळ कल्पना अशी होती, की एखाद्या माणसाची माहिती, त्याची मोजमापं यंत्राला भरवायची आणि त्यातून त्या माणसाचं म्हणून एक संगीत बाहेर काढायचं. आणि सुरुवात मेहेरबाबांपासून करायची. तसं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. मग त्याने घरगुती लाउरी ऑर्गनमधली एक सोय वापरली. पट्ट्या दाबून धरल्या की हा ऑर्गन ते सूर एकदम न वाजवता आळीपाळीने, यंत्राच्या वेगाने घोळवत राहतो. वाजवणाऱ्याचा हात स्थिर, आणि नाद मात्र धावता. एक बोट उचललं किंवा बदललं की धावत्या साखळीचा रंग पालटतो. आपण ऐकतो ती सगळी लगबग प्रत्यक्षात एका जवळजवळ न हलणाऱ्या हाताची आहे.

नावातला ‘रायली’ म्हणजे टेरी रायली, १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेला संगीतकार. टाउनशेंडला सुरांची ही फिरती साखळी त्याच्याकडून सुचली. रायलीची ‘इन सी’ नावाची रचना नोव्हेंबर १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा वाजली. ‘सी’ हा सूर म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक. सगळी रचना कागदाच्या एका पानावर मावते. त्यावर सुरांचे ५३ छोटे तुकडे आहेत, काही दोन-तीन सुरांचे, काही ओळभर. वाद्यं कोणती, ते लिहिलेलं नाही. वादक किती, याचीही सक्ती नाही. पस्तीसेक असले तर बरं, एवढंच रायली सुचवतो. प्रत्येकाने पहिल्या तुकड्यापासून निघायचं, तो हवा तितक्या वेळा वाजवायचा, मन भरलं की पुढच्यावर जायचं. मागे वळायचं नाही. फार पुढे पळायचं नाही, फार मागेही रेंगाळायचं नाही, आणि सतत शेजाऱ्याकडे कान ठेवायचा. सगळ्यांचा मेळ सुटू नये म्हणून एक जण पियानोवर वरचा सा एकसारखा टिकटिकत ठेवतो. ही शेवटची युक्ती स्टीव्ह राइश या वादकाने सुचवली. तोही पहिल्या प्रयोगात वाजवायला बसला होता आणि पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला.

ऐकणाऱ्याला यातून काय मिळतं? तासभर एक हलता, लवलवता नाद. त्यात कुठली तरी धून उमटते, तुम्ही तिला पकडायला जाता, तोवर ती दुसरीत मिसळते. विलक्षण हे, की त्या क्षणी कानावर पडलेली धून रायलीने लिहिलेली नसते, आणि एकट्या कुठल्या वादकाने वाजवलेलीही नसते. सातव्या तुकड्यावर रमलेली बासरी आणि नवव्यावर पोहोचलेलं क्लॅरिनेट शेजारी आले म्हणून ती जन्मली. पुढच्या वेळी वेगळी येणार. एकाच रचनेचे दोन प्रयोग सारखे होत नाहीत, आणि ती एकदा ऐकून ‘ऐकली’ असं म्हणता येत नाही.

असलं संगीत पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा एकच म्हणतो: हे काय, तेच तेच! नगर जिल्ह्यातल्या माणसाने हे म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. गोदावरीतल्या सरला बेटावरच्या गंगागिरी महाराजांच्या नावाने दर वर्षी निरनिराळ्या गावी जो सप्ताह भरतो, तिथे सात दिवस, रात्रंदिवस भजन थांबत नाही. लहान गावच्या सप्ताहातही एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली ठेवली जात नाही. गावं आणि वाड्या-वस्त्या पहारे वाटून घेतात. पहाटे दोनच्या पहाऱ्यातला टाळकरी आणि दुपारचा टाळकरी एकमेकांना भेटतही नाहीत, तरी दोघे एकच नाद पुढे नेतात. सात दिवस पूर्ण भजन ऐकलेला माणूस त्या मंडपात एकही नसतो, आणि काही चुकलं असं कुणाला वाटत नाही. त्याच दोन-चार नावांचा घोष, पखवाज हळूहळू लय वाढवतो, पावली सुरू होते, आणि ‘तेच तेच’ची तक्रार करणारा माणूस तिथे तास-तास उभा असतो. वेगळ्या संगीताला लागणारा कान आपल्याकडे आहे. मैफलीचं तिकीट काढून खुर्चीत बसलं की तो आपण घरी विसरतो.

पुनरावृत्ती कानाला काय करते, हे डायना डॉइच यांना १९९५ मध्ये योगायोगाने सापडलं. त्या मानसशास्त्राच्या अभ्यासक. स्वतःच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण तपासताना त्यातला एक साधा बोललेला वाक्यखंड यंत्रावर पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने खोलीत कुणीतरी गात आहे असं त्यांना वाटू लागलं. आवाज तोच, चढउतार तेच. मेंदूने मात्र बोलण्याचं गाणं करून टाकलं होतं. मोबाइलवर घरातल्या कुणाचं चार-पाच शब्दांचं बोलणं टिपून ते फेऱ्यात लावून पाहा. सगळीच वाक्यं गाऊ लागत नाहीत, पण एखादं लागलं की त्या वाक्याला पुन्हा नुसतं बोलणं म्हणून ऐकणं कठीण जातं. शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा मेंदू अर्थामागे धावतो. अर्थ हाती आल्यावरही तोच शब्द येत राहिला तर लक्ष अर्थावरून सुटतं आणि सुरांवर, लयीवर, दोन अक्षरांमधल्या जागेवर बसतं. नामजपाला बसणाऱ्या आज्यांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

दुसरा प्रयोग तर साध्या श्रोत्यावरच झाला. एलिझाबेथ मार्ग्युलिस यांनी ल्युचानो बेरिओ आणि एलियट कार्टर यांच्या रचना घेतल्या. विसाव्या शतकातलं हे अवघड मानलं जाणारं संगीत, पुनरावृत्ती मुद्दाम टाळणारं. त्यांनी संगणकावर त्यातले काही तुकडे कापून पुन्हा जोडले, म्हणजे ते दोनदा ऐकू येतील. बाकी काही बदललं नाही. ऐकणाऱ्यांना हे बदललेले नमुने जास्त आवडले, जास्त रोचक वाटले. इतकंच नाही, तर हेच माणसाने रचलेले असावेत असंही त्यांना अधिक वाटलं. मोठ्या संगीतकारांच्या कामात कापाकापी करून ते सुधारलं, असा याचा अर्थ मी घेत नाही. मला त्यात श्रोत्यासाठी एक सोय दिसते. रचना स्वतः पुनरावृत्ती करत नसेल तर ती आपण करावी. तोच तुकडा दुसऱ्यांदा ऐकावा, तिसऱ्यांदा ऐकावा. पहिल्या ऐकण्यात कान नुसता जागा शोधत असतो. त्या ऐकण्यावर निकाल देणं हे त्या संगीतापेक्षा आपल्यावरच अन्याय करणारं आहे.

रायलीची गोष्ट इथे संपत नाही. ‘इन सी’नंतर सहा वर्षांनी, १९७० मध्ये, तो पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला आणि त्यांच्याबरोबर भारतात आला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. तेच अब्दुल वहीद खाँ हिराबाई बडोदेकरांचे गुरू. म्हणजे ‘बाबा ओ’रायली’मधला रायली हा नात्याने हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य लागतो! खाँसाहेबांची अतिविलंबित गायकी, एकेका सुरापाशी थांबत रागाची बढत करणारी, ज्यांनी किराण्याच्या पुढच्या गवयांकडून ऐकली आहे, त्यांना रायलीचा धीर ओळखीचा वाटेल. दोन सुरांत वीस मिनिटं राहण्यात किती काय घडतं, हे आपल्या संगीताने त्याला शिकवलं.

कवितेकडे वळताना मला नगरचं १९१८ हे साल आठवतं. १६ एप्रिलला नगरमध्ये, ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या एका आयरिश शिपाईगड्याच्या घरी मुलगा झाला. टेरेन्स त्याचं नाव. पुढे जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणू लागलं. बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. इंग्लंडमध्ये रेडिओवरच्या ‘गून शो’ने त्याने एका पिढीची हसण्याची तऱ्हा बदलली. १९५९ मध्ये त्याचं ‘सिली व्हर्स फॉर किड्स’ आलं आणि त्यातली ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही कविता १९९८ च्या एका मतदानात ब्रिटनची सर्वांत आवडती विनोदी कविता ठरली. कुठल्याही नकाशात नसलेल्या जागी प्राणी आणि भांडी भलतेच आवाज काढतात, एवढाच तिचा मजकूर. अर्थ शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तोंडाने म्हणून पाहिलीत तर जिभेला नाचायला जागा मिळते. नाकातून घुमणारी अक्षरं घंटेसारखी लांबतात, ओठांवर फुटणारी अक्षरं त्यांना ठोका देतात. तिथे चाल अर्थाला वाहून नेत नाही, ती स्वतःच अर्थाच्या जागी बसली आहे.

अक्षरांना अर्थाआधीच रूप असतं, याचा पुरावा फार जुना नाही. १९२९ मध्ये वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक गोलाकार, एक टोकदार, आणि दोन निरर्थक शब्द दिले. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच प्रयोग ‘बुबा’ आणि ‘किकी’ हे शब्द घेऊन मांडला. गोल आकृती कोणती, बुबा की किकी? तुम्ही उत्तर दिलंतही. तामिळ बोलणारे आणि अमेरिकन, दोघांनी बहुसंख्येने तुमच्यासारखंच उत्तर दिलं. शब्द आधी कुणीच ऐकला नव्हता.

मुलांना हे सांगावं लागत नाही. बडबडगीतं त्यांना अर्थावाचून पाठ होतात. गंमत अशी, की आपल्या थोरामोठ्यांनाही ते जमतं. मुक्ताबाईच्या नावाने गायल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अभंगात मुंगी सूर्याला गिळते आणि पुढे याहून अघटित काय काय होतं. कीर्तनकार त्याचा पारमार्थिक उलगडा करतात आणि तो सुंदरही असतो. पण उलगडा व्हायच्या आधी, चाल लागताच, मंडपातली बाई त्या मुंगीवर खूश झालेली असते. कूट रचना ही वारकऱ्यांच्या तोंडात शतकानुशतकं आहे. मिलिगनची भांडी आणि मुक्ताबाईची मुंगी एका जातीची आहेत असं मी म्हणणार नाही, कारण मुंगीमागे साधना आहे. ऐकणाऱ्याने त्यांच्यासाठी उघडायचं दार मात्र एकच.

मग एखादी अवघड आधुनिक कविता समोर आली की आपण का बिचकतो? माझा रोख शाळेतल्या ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ या प्रश्नावर आहे. त्या प्रश्नाने कवितेपुढे उभं राहण्याची एकच रीत शिकवली: कवीला काय म्हणायचं आहे ते सांगा. मिलिगन जन्मला त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ मे १९१८ ला, बालकवी गेले. तरुणपणी ते नगरला कवी ना. वा. टिळकांच्या घरी घरच्यासारखे राहिले होते. त्यांची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता शाळेत शिकवली जाते आणि तिच्या अर्थावर समीक्षकांचं अजून एकमत नाही. झाड, पाणी, वाट, एवढंच तर तिच्यात आहे. तरी ती मराठी माणसाच्या मनातून निघत नाही. एकमत होत नसताना जी कविता शंभर वर्षं टिकते, तिने कळण्याचा प्रश्न बाजूला ठेवूनच आपल्याशी नातं जोडलेलं असणार.

त्याच टिळकांचं घर हे नगरमधल्या वेगळ्या कवितेचं मोठं ठिकाण. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचं काम जोडलं गेलं. इथल्या चर्चमध्ये तेव्हा पाश्चात्त्य गीतांची भाषांतरं त्यांच्याच मूळ चालींवर गायली जात. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, भजन आणलं, आणि ख्रिस्ताचं चरित्र सांगायला वीणा-टाळांसह कीर्तन उभं केलं. त्या काळातल्या श्रोत्याच्या जागी स्वतःला बसवून पाहावं. अभंगाची चाल ओळखीची आणि नाव परकं. चर्चमध्ये वाढलेल्याला नाव ओळखीचं आणि चाल परकी. प्रत्येकाला अर्धं ओळखीचं, अर्धं अनोळखी. मला वाटतं, नवी कला रुजते ती या अर्ध्यामुर्ध्या ओळखीतून. सगळंच परकं असतं तर लोक उठून गेले असते. टिळकांनी ओवीत ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, १९१९ मध्ये ते गेले, आणि ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या बाईंनी. कानावर वाढलेल्या माणसाची पोच कुठवर जाते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आणि नेवासे तर याच जिल्ह्यातलं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली असं लोक मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. गीता मराठी ओवीत सांगणं ही त्या काळी केवढी वेगळी वाट होती! पण मला ‘ज्ञानेश्वरी’त नेहमी थांबवतो तो तिच्यातला श्रोता. नऊ हजार ओव्यांत तो सतत हजर आहे. ज्ञानदेव त्याला मध्येच विनवतात, त्याची स्तुती करतात, त्याच्यापुढे लडिवाळपणा करतात. निवृत्तिनाथ मध्येच त्यांना आवरतं घ्यायला लावतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे लक्ष मागतात. विद्वत्ता मागत नाहीत.

लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, याची माझी रीत साधी आहे. अनोळखी संगीतात मी एकच वाद्य धरतो आणि ते हरवेपर्यंत त्याच्यामागे जातो. हरवलं की दुसरं धरतो. अनोळखी कविता मोठ्याने वाचतो, आणि जीभ कुठे अडखळते ते पाहतो, कारण कवीने काहीतरी बहुधा तिथेच केलेलं असतं. कंटाळा आला तर तो येऊ देतो. ‘इन सी’मध्ये दहाव्या-बाराव्या मिनिटाला कंटाळा येतो आणि विसाव्या मिनिटापर्यंत तो कुठे गेला ते कळत नाही. काही गोष्टी तीनदा ऐकूनही भिडत नाहीत. त्या मी सोडून देतो, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही.

एक इच्छा मात्र आहे. ‘इन सी’ला वाद्यांचं बंधन नाही, हे जगाने पुरेपूर वापरून घेतलं. १९८९ मध्ये शांघायच्या वाद्यवृंदाचं चिनी वाद्यांवरचं ध्वनिमुद्रण निघालं. मालीच्या बामाको शहरात कोरा आणि बालाफोनवर ती वाजली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन रागा मॅसिव्हने भारतीय वाद्यं घेऊन तिचं ध्वनिमुद्रण केलं. आता नगरचे कलाकार बसावेत: भजनी मंडळाची पेटी, लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट, चर्चमधला ऑर्गन, सनई, बासरी, संबळ. एकसारख्या टिकटिकणाऱ्या वरच्या सा साठी पियानो शोधायची गरज नाही. शाहिराच्या मागे उभं राहून तुणतुणं पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आलं आहे, आणि अनंत फंदींच्या संगमनेरात ते धरणारा हात आजही सहज सापडेल.